दुपारची गोळी

आक्का पोराला कामावर नुसतं सोडून जात नसत. पहिला आठवडा स्वतःही कामावर येत. नागापूर एमआयडीसीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये ऑइलचा रिकामा डबा पालथा घालून सुट्टी होईपर्यंत बसत. मुलांच्या सुधारगृहात त्या स्वयंपाकीण होत्या. निवृत्त झाल्यावर, अठरा पूर्ण होऊन बाहेर पडलेल्या आणि घरच्यांनी न नेलेल्या पोरांना आपल्या दोन खोल्यांत ठेवून घेत. "साहेब म्हनले, फाईल बंद झाली. म्हनून पोरगं बंद करता येतंय व्हय?"

किरणला त्यांनीच आणलं. चोरीच्या केसमध्ये आत गेलेला; त्यात त्याच्या कानात माणसं बोलायची. औषधानं ती गप्प झाली होती. आक्कांनी काही लपवलं नाही. "शेठ, तुमच्या मशीनला तेल लागतं, ह्याला गोळी. दोन्ही येळेवर. अन् महिन्यातून एक मंगळवार दवाखान्याला सुट्टी. पगार कापा, पर तोंड वाकडं करू नका."

"नाही करणार," मी म्हणालो.

"झालंय की आत्ताच!" कामगार हसले.

जेवताना त्या सगळ्यांना ठेचा वाढत. किरणनं काय केलं होतं, असं कुणी विचारलंच, तर म्हणत, "आदी तुजं सांग, मग त्याचं सांगते." विचारणारा निमूट जेवू लागे.

किरणचा हात चांगला होता. फक्त दुपारी पेंगायचा. ऑर्डर घाईची होती. मी त्याला म्हणालो, "दुपारची गोळी काही दिवस राहू दे. बरा झालास तू आता." तो केवढा खूश झाला! त्यानं सगळ्याच गोळ्या सोडल्या. तिसऱ्या आठवड्यात कान दाबून धरत तो प्रेस मशीनवरून उठला आणि फाटकाबाहेर पळाला.

चार दिवस मी आक्कांना टेम्पोत घेऊन शोधत फिरलो. गोळीचं बोललो नाही. तो पुणतांब्याला नदीकाठी सापडला, अनवाणी, आक्कांनाही न ओळखणारा. तेव्हा कुठे मी सांगितलं.

आक्का रागावल्या नाहीत. माझ्याकडे पुन्हा कुणाला आणलं मात्र नाही.

दोन वर्षांनी त्यांच्या घरी गेलो. सावरलेला किरण आत कणीक मळत होता. मला त्याची माफी मागायची होती. आक्कांनी उंबऱ्यातच अडवलं. "तुमचा जीव हलका व्हईल, शेठ. त्याचं काय? तुमी दिसला की त्याला ते दिवस दिसतील. थांबा. त्यो तयार झाला की मी सांगते."

मी थांबलो. गेल्या वर्षी आक्का गेल्या. दहाव्याला मुलाच्या जागी किरण बसला होता, मुंडण केलेला. त्यानं गर्दीतून माझ्याकडे पाहिलं, बहुतेक ओळखलंही. मी पुढे झालो नाही. तो तयार झाला आहे का, हे सांगणारं आता कुणी नाही.