ती खरी जपानी नसंल

लातूरच्या कॉलेजात मी पत्रकारिता शिकवते. अभ्यासक्रमात एक प्रकरण आहे: अमेरिकी सिनेमातला जपानी माणूस आणि जपानी टीव्हीवरचा अमेरिकी. माध्यमं माणसांच्या साचेबद्ध प्रतिमा कशा घडवतात, हे त्यातून शिकवायचं. सुरुवातीला मी वर्गालाच विचारलं, "जपानी म्हटलं की काय आठवतं?"

"लई शिस्त, मॅडम. गाडी मिनिटभर लेट न्हाई."

"आणि अमेरिकन?"

"मोठ्यानं बोलणारा. खिशात बंदूक."

"यातला एक तरी माणूस भेटलाय का तुम्हाला?"

"सिनेमात भेटलाय, मॅडम." मला वाटलं, प्रत्यक्ष माणसं दाखवली की प्रश्न सुटेल. माझी एक मैत्रीण जपानात शिकवते. तिच्या ओळखीतून एक जपानी शिक्षिका आणि तिचा अमेरिकी सहकारी व्हिडिओ कॉलवर यायला तयार झाले.

जपानी बाई चांगल्याच उशिरा आल्या. केस ओले, कपाट उघडं, मागे कपड्यांचा ढीग. स्वतःच खळखळून हसल्या. अमेरिकी माणूस मात्र किडकिडीत आणि इतका लाजरा, की त्याचं बोलणं ऐकायला आम्हाला स्पीकरजवळ सरकावं लागलं. मी मनातून खूश. एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, ती खरी जपानी नसंल."

सगळे हसले. मी काही बोलणार, तोच त्या अमेरिकी माणसानं हळूच विचारलं, "तुमच्या गावाला पाणी रेल्वेनं येतं ना? मी व्हिडिओ पाहिलाय. आज तुम्हाला प्यायला मिळालं का?"

वर्ग एकदम पेटला. निलंग्याची एक मुलगी ताडकन उठली. "त्यांला सांगा मॅडम, आमच्या रानात ऊस हाय! एका दुष्काळी वर्षाचं बघून कायमचं ठरवत्यात काय?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. त्यानं मनापासून माफी मागितली. कॉल संपल्यावर मी तिला म्हणाले, "आता कळलं? तुला जसा राग आला, तसाच जपानी-अमेरिकनांनाही येत असेल."

ती म्हणाली, "पण मॅडम, आमच्याबद्दलचं खोटं हाय. त्यांच्याबद्दलचं तर खरंच हाय की."

सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. माझा आवाज चढला. तेच मी पुन्हा दोनदा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी ते मलाच जास्त पोकळ वाटलं. तास संपला तसे ते पाया पडल्यासारखं "थँक्यू मॅडम" म्हणत निघून गेले. मी रिकाम्या वर्गात खडू आपटला.

परीक्षेत साचेबद्ध प्रतिमेची व्याख्या सगळ्यांनी अचूक लिहिली. गुण द्यावेच लागले.