खाड्यांची सावड

भिवाजीला कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहायची कारकुनी मिळाली तेव्हा त्याच्या गावाला केवढा अभिमान! खालापूर तालुक्यातल्या त्या गावची बाकी माणसं खोपोलीत यंत्रांवर घाम गाळणारी, आणि हा एकटा पंख्याखाली. नोकरी अजून कच्ची होती, हे मात्र तो गावात फारसं बोलत नसे.

चौऱ्याहत्तर साली मुंबईहून टिपणीससाहेब आले. कामगारांचं सगळं त्यांच्या हाती. त्यांना कुणाच्या कागाळ्या नको होत्या, आकडे हवे होते. भिवाजीने चौकटींच्या मोठ्या कागदावर वर्षाची हजेरी मांडायची. हजर असेल त्याची चौकट कोरी, खाडा असेल तर लाल. ज्याच्या ओळीत लाल फार, त्याला घरी बसवायचं. काम नीट झालं तर भिवाजी कायम होणार होता. गडी खुशीत रंगवायला बसला.

जुलैच्या रकान्यात त्याचा हात थबकला. गोमाची ओळ लालेलाल झाली होती.

गोमा त्याच्याच आळीतला. पूर्वी भाताच्या लावणीला गावात सावड असे. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या माझ्या. कारखाना आल्यावर सगळ्यांनी एकदम खाडे केले असते तर नोकऱ्याच गेल्या असत्या. लावणीत गोमाइतका चपळ हात कुणाचा नव्हता. म्हणून ठरलं, की सगळ्यांच्या वाटचे खाडे त्यानेच करायचे, बायांबरोबर सगळ्यांची शेतं लावायची आणि बाकीच्यांनी त्याचा बुडालेला पगार भरून द्यायचा. भिवाजीचं शेतही गोमाच लावी. भिवाजीची स्वतःची ओळ कोरी करकरीत होती ती त्याच्या जिवावर.

काही चौकटी कोऱ्याच सोडाव्यात, असं भिवाजीच्या मनात आलं. पण हजेरीची कार्डं कपाटात होती आणि साहेब पडताळून बघणारा माणूस. त्याने सगळं रंगवलं.

साहेब कागदावर बराच वेळ वाकून राहिले. "भिवाजी, तुमच्या गावचे लोक जुलैत एक दिवस चुकत नाहीत. हा गोमा तेवढा महिनाभर गायब. उनाड आहे का?"

शब्द साहेबांनीच पुढे केला होता. नुसती मान हलवली की भिवाजी सुटत होता. त्याने अर्धी हलवलीही. मग त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"नाय साहेब," घाईत गावची बोली तोंडात आली. "त्यो आमच्यासाठी घरी ऱ्हातो. माजं शेत बी त्योच लावतो. त्याचे खाडे आमचे हायेत."

"म्हणजे सगळ्यांनी मिळून मला फसवलंत?"

"फसवलं नाय, साहेब. शेत लावलं."

साहेबांचा चेहरा तापला होता. ते खिडकीपर्यंत गेले, परत आले.

"गोमा राहील," ते शेवटी म्हणाले. "पण त्याचे खाडे तुम्हा सगळ्यांत वाटून लिहा. तुमच्याही नावावर. यापुढे ज्याचं शेत, त्याचा खाडा, आणि तोही आधी सांगून. तुम्हाला कायम करायचं पुढच्या वर्षी बघू."

सुटी झाल्यावर फाटकाशी गोमाने त्याला गाठलं. "येडा का खुळा रं तू? माज्यापायी स्वतःची नोकरी टांगलीस?"

"तुजं नाव उनाड म्हनून लिवलं असतं, तर तू लावलेला भात माज्या घशाखाली उतरला असता का रं?"

गोमाने मान फिरवली आणि तो उगाच खोकला.

पुढच्या जुलैत भिवाजी चिखलात उतरला. कारखान्यातली पाळी संपवून आलेला गोमा बांधावर उभा राहून हसला. "कारकुना, चौकटी आखतोस का रं?" मग विजार वर खोचून तोही उतरला, आणि अंधार पडायच्या आत दोघांनी शेत संपवलं.

दुसऱ्या दिवशी टाइम ऑफिसात भिवाजीने या वर्षाचा चौकटींचा कागद पसरला आणि सगळ्यांत आधी स्वतःची कालची चौकट लाल केली. या खेपेला हात थबकला नाही.