आग्रहाची पळी

डॉ. बळवंतराव ओझरकर यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्यांच्याविषयी दोन शब्द लिहा, असं गौरव समितीनं मला कळवलं. मी शाळेत गेलेली नाही. औषधाच्या पुड्या वर्तमानपत्राच्या ज्या कागदांत बांधून मिळत, त्यांवरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले. तेव्हा जसं येतं तसं लिहिते.

डॉक्टरसाहेबांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या दवाखान्यातच झाली, पण मी आजारी नव्हते. माझे यजमान पहिल्या मोठ्या लढाईत फौजेबरोबर इराकातल्या बसऱ्याकडे गेले आणि तिथल्या लष्करी इस्पितळात हगवणीनं वारले. डॉक्टरसाहेबही त्याच मुलखात काम करून लोणावळ्याला परतले होते. जवळच्याच आमच्या वलवण गावाहून चालत जाऊन मी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि विचारलं, "तिथं आजारी माणसाला भरवायला कुणी असतं का?"

माझी समजूत काढणं त्यांना सोपं होतं. बाकी सगळ्यांनी तेच केलं होतं. ते म्हणाले, "औषध होतं, बाई. दूधही बरेचदा असायचं. भरवायला माणसं पुरत नव्हती."

त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर रडले. खरं सांगणारं एक माणूस तरी भेटलं, म्हणून काही दिवसांनी पुन्हा गेले आणि पट्ट्या उकळायच्या कामाला लागले. ते काम अजून करते.

डॉक्टरसाहेब गोड बोलणारे आहेत असं मी लिहिणार नाही. हिवतापावरची कडू कोयनेलची गोळी गालात धरून बाहेर थुंकणाऱ्यांवर ते भर बाजारात ओरडलेले आहेत. पण पवन मावळातून हिवतापाचा निरोप आला, की सायकल जाईल तिथवर सायकल आणि पुढे चिखलातून पायी, असे ते जात. गूळ-शेंगदाण्याच्या गुडदाणीची पुडी खिशात असे. ती पोरांसाठी असते असं ते सांगत. निम्मी तेच खात.

दुसऱ्या लढाईत ब्रह्मदेशात बाँब पडू लागले, तेव्हा तिथं पोटासाठी गेलेली आपली माणसं डोंगर-जंगलं तुडवत परत आली. त्यांतली काही कुटुंबं लोणावळ्यात उतरली. एका शेटजींनी आपला रिकामा बंगला उघडून दिला. माणसं नव्हती ती, नुसती हाडं होती. डॉक्टरसाहेब कल्याणला औषधं आणायला गेले होते. इकडे गावात बातमी पसरली, की उपाशी माणसं आली आहेत. मग वलवणच्या बायका थांबतात कशाला! आंबेमोहोराचा भात, तूप, पुरणाच्या पोळ्या, अशा पाट्या डोक्यावर घेऊन सगळ्या तिथं. रीतसर पंगत मांडली आणि नको म्हणणाऱ्याच्या पानातही वाढलं. आपल्याकडे पाहुण्याचं पहिलं 'नको' कुणी धरत नाही.

डॉक्टरसाहेब आले तोवर निम्मी पंगत पोट धरून आडवी झाली होती. तानी नावाच्या एका लहान मुलीचे हातपाय गार पडले होते. तिची आई वाटेतच गेली होती. बाप पायाशी बसून नुसता बघत होता.

बायका घाबरल्या. पण पंगतीत पुढं होऊन वाढणाऱ्या आमच्या पारूमावशी कुणाला ऐकायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, "डागदर, उपाशी माणसाला जेवू घातलं, ह्यो काय गुन्हा झाला व्हय?"

"गुन्हा कसला, मावशी? ही माणसं इथं पोचली, पण त्यांची पोटं अजून वाटेतच आहेत."

"मग आमी जावं का घरी?"

मला वाटलं, आता हे सगळ्यांना हाकलणार. पण डॉक्टरसाहेब म्हणाले, "घरी कुठं निघालात? तुमचा आग्रह मला हवाय. फक्त तो एका पंगतीत संपवू नका." त्यांनी मऊ पेज करायला लावली, प्रत्येक बाईच्या हाती एक पळी दिली आणि एकेक माणूस वाटून दिलं. थोड्या थोड्या वेळानं एक पळी. नको म्हटलं तर बसून राहायचं, पुन्हा विचारायचं. पोळी मागितली तरी द्यायची नाही.

"आग्रह करायचा आन् वाढायचं न्हाई? लय अवघाड हाय हे," पारूमावशी म्हणाल्या.

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय. मला एकट्याला जमणार नाही."

तानी माझ्या वाट्याला आली. पहिली पेज ओठांतून बाहेर आली. पुन्हा दिली. डॉक्टरसाहेब सारखे येऊन तिचे तळवे चाचपत आणि पुढच्या माणसाकडे जात. दुसऱ्या दिवशी ती पोळीसाठी रडू लागली, तेव्हा माझाच हात पाटीकडे जायला लागला. ते मागून म्हणाले, "रडू दे. रडतेय म्हणजे ताकद येतेय." संध्याकाळी तिनं माझ्या हातातली पळी हिसकावून घेतली आणि पेज आपली आपण प्यायली. तिचा बाप तेव्हा पहिल्यांदा रडला.

व्हरांड्यात डॉक्टरसाहेब हात धूत होते. ओळीनं बसलेल्या बायकांकडे बघून ते मला म्हणाले, "बाई, या वेळी माणसं पुरली."

इतक्या वर्षांपूर्वीचा माझा प्रश्न त्यांनी जपून ठेवला होता. माझं दुःख काही गेलं नाही. ते सोबत असतंच. पण त्या दिवसापासून त्याला बसायला जागा मिळाली.

तानीच्या वडिलांना पुढे रेल्वेत काम लागलं. ती आता शाळेत जाते आणि माझं शुद्धलेखन तपासते. हा लेखही तिनंच तपासला आहे.

डॉक्टरसाहेबांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, ही माझी प्रार्थना. त्यासाठी आपणा सर्वांना एक विनंती. साहेबांच्या लघवीत हल्ली साखर जाते, आणि समारंभाच्या जेवणाला पारूमावशी गुडदाणीचं ताट घेऊन येणार आहेत. कुणीही आग्रह करू नये. त्यांच्या शेजारी तानी बसणार आहे, आणि पळी तिच्या हातात असेल.