रफिकचा डबा आणि माझा कान

गाडी खोलून परत जोडली की दोन-चार नट-बोल्ट उरतातच. कुठले ते कळत नाही, फेकवतही नाहीत. ते एका घमेल्यात टाकायचे. किस्सेही तसेच उरतात. अर्धापूरच्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. घमेलं कधीच भरलंय.

मी चौथी शिकलो. पण इंजिनाचा रोग कानानं ओळखतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला. डॉक्टरच्या नळीसारखं. तो स्क्रू-ड्रायव्हर टेबलाच्या वर एका खिळ्याला असतो. त्या खिळ्याला दुसरं काही टांगायचं नाही, असा माझा दंडक.

वायरिंगचं काम रफिक बघतो. त्याचा बाप माझा दोस्त. तो गेला तेव्हा रफिकला मीच इथं आणलं. आता तो दोन लेकरांचा बाप आहे. एके दिवशी तो स्कॅनर घेऊन आला. हाताएवढा डबा आणि त्याला वायर. वायर स्टिअरिंगखाली खोचली की गाडीतला कॉम्प्युटर आपलं दुखणं सांगतो म्हणे.

दुखणं कसलं? पडद्यावर एक अक्षर आणि चार आकडे!

"हे तर लॉटरीचं तिकीट झालं," मी म्हणालो.

"काका, याला कोड म्हणतात. समजून घ्यावा लागतो."

"घे समजून. पण ऐक. ज्या दिवशी हा डबा खोटा पडला, त्या दिवशी तू अन् डबा, दोघंबी गॅरेजच्या बाहेर."

रफिक नुसतं "हाव" म्हणाला. मी शब्द फिरवत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

*

पहिलं गिऱ्हाईक गावातले एक गुरुजी. गाडी चढावर दम टाकायची.

"गुरुजी, समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो का?" रफिकनं विचारलं.

"न्हाई बा. दिवा-बिवा काही न्हाई."

रफिकनं वाकून बघितलं. दिव्यावर टपोरी लाल टिकली चिकटवलेली!

"डोळ्यांवर यायचा," गुरुजी म्हणाले. "आमच्या हिनं उपाय काढला."

मी म्हणालो, "गुरुजी, पोरगं कवाधरनं हात वर करून राहिलं, अन् तुम्ही त्याच्या डोक्यावर पोतं टाकलं!"

टिकली काढली. आत दिवा इमानदारीत जळत होता.

*

मग केळीवाल्या गंगाधरचा पिकअप आला. डबा म्हणाला, धुराच्या नळीतला सेन्सर. गंगाधर भडकला. "तो तर लातूरला नवा टाकला! दिवा दुसऱ्या दिवशी परत लागला!"

मी रफिककडे बघितलं. "पडला का खोटा?"

"काका, डबा म्हणत न्हाई की सेन्सर खराब हाय. सेन्सर तक्रार करून राहिला, एवढंच म्हणतो. तक्रार काय, तर हवा कमी, डिझेल जास्त."

त्यानं बोनेट उघडलं, हवेच्या पाइपवर साबणाचं पाणी मारलं आणि गाडी रेस केली. पाइपाच्या खालच्या अंगाला फेस आला. केसाएवढी चीर! माझ्या डोळ्यांना ती दिसली नव्हती. कानालाही कळली नव्हती. गाडीनं नुसता धूर चाखला आणि ओळखलं की कुठंतरी हवा चुकतेय.

मी गंगाधरला म्हणालो, "कुत्रं भुंकलं तर चोर बघावा. तू कुत्रंच बदलून आलास!"

*

एकजण गाडी विकायला आला. घेणारा सोबतच होता. विकणारा छाती ठोकून म्हणाला, "लावा डबा. एक कोड निघाला तर गाडी फुकट!"

रफिकनं लावला. एकही कोड नाही. घेणारा खूश झाला.

"थांबा," रफिक म्हणाला. "गाडी चालता चालता सोताची तपासणी सोताच करत असते. इथली एकबी तपासणी पुरी झालेली न्हाई. म्हणजे आताच कोणीतरी आठवण पुसली. दोन-चार दिवस चालवा, मग परत आणा."

विकणाऱ्याला अचानक तहसीलचं काम आठवलं.

मला चौथीतली पाटी आठवली. पाटी कोरी दिसली की गुरुजी पोराची बाही बघायचे. ओली असली की छडी!

*

एकदा मात्र मला वाटलं, डबा खोटा सापडला. गाडी पळताना घूं घूं आवाज करत होती. डबा लावला. काही नाही! मी स्वतः गाडीत बसून एक चक्कर मारली आणि सांगितलं, डाव्या बाजूचं पुढचं बेअरिंग. खोललं, तेच निघालं.

"आता बोल," मी म्हणालो.

"काका, त्या बेअरिंगला वायरच न्हाई. जिथली खबर त्याला येत न्हाई, तिथलं तो काही बोलत न्हाई."

जे ठाऊक नाही त्यावर गप्प बसतो! असा माणूस मी अख्ख्या तालुक्यात पाहिला नाही.

*

आता शेठचा किस्सा. शेठ नांदेडचे, माझं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. हिमायतनगरला लग्न होतं. तिथून त्यांची मोठी गाडी दोरी बांधून आली. इंजिन तापून त्याचं हेड, म्हणजे वरचं झाकण, गेलेलं. मागोमाग दुसऱ्या गाडीतून शेठ, त्यांचे जावई आणि ड्रायव्हर मारोती.

"यानं तापलेली गाडी तशीच पळवली!" शेठ ओरडले. "आजपासून याचं काम बंद!"

"काका, लेकराची आण," मारोती म्हणाला. "गाडी मांडवासमोर उभी हुती. मी जेवायला बसलो हुतो. येऊन बघतो तर नुसती वाफ."

ड्रायव्हर लोक तापाचा काटा बघत नाहीत, हे मी आयुष्यभर पाहिलंय. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "मारोती, पळवलीस तू."

मारोतीनं मान खाली घातली. रफिकनं वायर खोचली.

"काका, कोड जवा पडतो ना, तवा गाडी त्या घडीचा फोटू काढून ठेवते," तो म्हणाला. "बघा. इंजिन चालू. ताप, हा एवढा. अन् वेग..."

मला आकडे वाचता येतात. वेग शून्य होता.

लग्नात एवढी माणसं होती, कोणी बघितलं नव्हतं. गाडीनं बघून ठेवलं होतं!

रफिकनं बोनेट उघडून पंख्याचा फ्यूज काढला. जळलेला. "चालत्या गाडीला वारा लागतो, तिचं भागतं. उभ्या गाडीला पंखाच पाहिजे. पंखा बंद, अन् आत बसून कोणीतरी इंजिन चालू ठेवलेलं."

मागून जावई हळूच म्हणाले, "मामा, बाहेर लई ऊन हुतं."

शेठचा चेहरा लाल झाला. पण जावयाला कोण बोलणार? ते माझ्याकडे वळले. "डबा खोटा हाय! काका, तुमचा शब्द मी तीस वर्षं मानत आलो. तुम्ही सांगा. खोटा हाय का न्हाई?"

मी हो म्हटलं असतं तर शेठची लाज राहिली असती. मारोती घरी गेला असता. आणि माझ्याच शब्दानं रफिकही. रफिक वायर गुंडाळत होता. माझ्याकडे बघत नव्हता.

मी टेबलापाशी गेलो. खिळ्यावरचा स्क्रू-ड्रायव्हर काढून खिशात ठेवला. रफिकच्या हातातून डबा घेतला आणि त्या खिळ्याला टांगला.

शेठ खिळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून दुसऱ्या गाडीची किल्ली काढली आणि न बघताच मारोतीपुढे धरली. "जावईबापूंना घरी सोड."

मारोतीनं किल्ली घेतली. दार उघडून जावयांना बसवलं. मग अदबीनं मागं वळून विचारलं,

"शेठ, एसी लावू का?"