मास्तरांची सही

परवा ब्लाउज शिवायला टाकताना शिंप्याच्या गरम इस्त्रीचा वास आला आणि ऐंशीच्या दशकातला एक शिवणवर्ग आठवला. तेव्हा मी अंधेरीहून दोन बस बदलून मुलांच्या सुधारगृहात लिहायला-वाचायला शिकवायला जायचे. एक पोरगा सहा महिने माझ्या पुस्तकातल्या 'कमळ'पाशीच अडला होता. एका दुपारी त्याला शोधत शिवणवर्गात गेले, तर शिवणमास्तरांनी कापलेल्या तुकड्यांवर खडूनं लिहिलेलं तो धडाधड वाचत होता: बाही, पाठ, गळा, खिसा. "मग माझ्या वर्गात काय होतं रे तुला?" मी विचारलं. "बाई, तुकडा चुकला तर शर्टाची वाट लागते ना. कमळ चुकलं तर काय होतं?" मास्तर स्वतः जेमतेम दुसरी शिकलेले. माझ्या पोटात असं दुखलं! संध्याकाळी प्रगतीच्या रजिस्टरात त्या पोराच्या नावापुढे मी लिहिलं, 'माझ्या वर्गात वाचायला शिकला.' खाली साक्षीदार म्हणून आणखी एकाची सही लागायची. मी मुद्दाम रजिस्टर मास्तरांपुढेच धरलं. त्यांनी न वाचताच सही केली आणि म्हणाले, "बाईंनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार." अजूनही शिंप्यासमोर माप द्यायला उभी राहिले की माझी मान खाली जाते.