कापलेले श्वास

टारविसला पुरलं त्या दिवशी त्याची आई रडली नाही. चर्चमध्ये बायका हंबरडा फोडत होत्या, त्याची एक मावशी तर बाकावर आडवीच झाली, आणि त्याची आई, मिस वर्नेल, पांढरे हातमोजे घालून पुठ्ठ्याच्या पंख्याने सगळ्यांना वारा घालत फिरत होत्या. आमच्या चर्चमध्ये भोवळ येणाऱ्यांना सांभाळायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे आहे. कुणीतरी म्हणालं, "वर्नेल, आज तरी बस गं."

"बसून काय करू?" त्या म्हणाल्या. नंतरच्या जेवणात तळलेला मासा आणि स्पॅगेटी होती. तीही त्यांनीच वाढली.

मेम्फिसचा रॅपर तरुणपणी गेला म्हणजे गोळीच लागली असणार, असं बाहेरच्यांना वाटतं. मला या लोकांची चीड येते. टारविसला दमा होता, तान्हा असल्यापासून. ऑगस्टच्या उकाड्यात गोदामात ट्रक भरताना त्याला धाप लागली, तो खोक्यांना टेकून बसला आणि उठला नाही. एवढंच झालं.

मिस वर्नेल पूर्वी विमानतळावर रात्रपाळीत पार्सलं निवडायच्या. पगार चांगला होता. पण पोराला रात्रीच दमा उसळायचा, म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली आणि निम्म्या पगारावर शाळेच्या स्वयंपाकघरात लागल्या. नवरा शिकागोला कामाला म्हणून गेला तो गेलाच. त्याच्याबद्दल त्या वाईट बोलत नाहीत, बोलतच नाहीत. रात्री पोराच्या छातीवर हात ठेवून झोपायच्या. छाती शिट्टी मारायला लागली की बाईंचा हात आधी जागा व्हायचा आणि मग बाई, असं माझी आई सांगते.

माझं नाव लॉन्झेल. भावाच्या न्हाव्याच्या दुकानामागे माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. भिंतींना जुन्या रजया ठोकल्यात. टारविसचा पहिला अल्बम तिथेच झाला. गाणी सगळी गाऊन झाली होती, माझं साफसूफ करणं बाकी होतं, आणि मधेच हे झालं. त्याचा चुलतभाऊ कोर्टेझ त्याच्या गाण्यांचा सगळा व्यवहार बघायचा. पुरून आठवडा झाला नाही तोच दारात हजर.

"लोक विसरायच्या आत काढू या," तो म्हणाला. "आणि कसा गेला ते सांगायचं नाही. लोकांना हवं ते समजू दे."

"मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खातोस लेका."

"तू काय उपाशी राहणारेस का?"

पैसे मलाही मिळणारच होते. पण टारविसच्या आईने ऐकल्याशिवाय काहीही बाहेर जाणार नाही, हे मात्र मी त्याला बजावलं.

शनिवारी दुपारी मिस वर्नेल आल्या. पर्स मांडीवर घेऊन, पाठ ताठ ठेवून त्यांनी अख्खा अल्बम ऐकला. शिव्या आल्या तिथे कोर्टेझ खोकला. त्यांनी तिकडे लक्षही दिलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "चांगलं आहे. हा कोण?"

"कोण म्हणजे? टारविस, मिस वर्नेल."

"हा श्वास कुठे घेतो?"

मग मला सांगावं लागलं. दोन ओळींच्या मध्ये माणूस श्वास घेतो, ते आम्ही कापून टाकतो. घेवड्याचे दोर काढावेत तसं, सवयीने. टारविसचे तर जास्तच कापले होते, कारण ते शिट्टी मारायचे. तो स्वतःच म्हणायचा, "काढ ते, लॉन्झ. लोक म्हणतील मागे चहाची किटली कोणी ठेवली."

त्या हसल्या नाहीत. "मला काही होत नाही, बाळा," म्हणाल्या. "माझं पोर गेलंय हे मला कळतं. पण आत काही हलत नाही. शाळेत पोरांना वाढते, घरी येते, टीव्ही लावते. वाटलं, इथे तो भेटेल. हा तर कुणी दुसराच आहे."

ऐकून मला इतकी लाज वाटली की मी खुर्ची मशीनकडे फिरवली. कापलेलं सगळं मशीनमध्ये असतंच. एका गाण्यात श्वास परत घातले आणि वाजवलं. कोर्टेझने कपाळाला हात लावला. "काकी, हे दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय. कोण घेणार हे?"

मला वाटलं, आता त्या याची खरडपट्टी काढणार. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. शब्द त्याने लोकांसाठी लिहिले, ते तुम्ही न्या. लॉन्झेल, तू कापून टाकलेलं मला दे."

"म्हणजे?"

"गाणं काढून टाक. नुसता श्वास ठेव."

असं काम मी आजवर केलं नव्हतं. सगळ्या गाण्यांतले शब्द काढले, ढोल काढले, उरलेले श्वास एकापुढे एक लावले. कोर्टेझ मधेच कंटाळून निघून गेला. त्या बसून राहिल्या. दुकानातून भावाच्या केस कापायच्या मशीनचा आवाज येत होता, म्हणून दार लावून घेतलं आणि सुरू केलं.

आधी साधे श्वास होते. त्यांचा चेहरा तसाच, चर्चमध्ये होता तसा. मग शेवटच्या गाण्यातले आले, जे त्याने खूप दमलेला असताना गायलं होतं. एक श्वास अर्ध्यात अडकला आणि शिट्टी वाजली.

मिस वर्नेलचा हात पर्समध्ये गेला. घाईघाईने त्या चाचपत होत्या. किल्ल्या, रुमाल, चष्म्याची डबी, सगळं माझ्या टेबलावर आलं.

"काय शोधताय, मिस वर्नेल?"

"पंप," त्या म्हणाल्या. "त्याचा दम्याचा पंप कुठे गेला? इथेच असतो."

आणि मग त्यांना कळलं. हात पर्समध्येच राहिला. मी बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. "घेतोय ना अजून. घेऊ दे त्याला."