कॅसेटवरचा माझा आवाज

"बंद कर ते! हे काय पालकांना ऐकवायचं?" बाईंनीच पुढे होऊन टेपचं बटण असं दाबलं की टेबल हललं. वर्ग खो खो हसला. टेपवर मी बोलत होते.

नववीत होते. पाम गावाहून बोईसरच्या शाळेत चालत यायची. वर्गात बहुतेक कारखान्यांच्या कॉलनीतल्या साहेबांची मुलं. बाईंनी नवीन पद्धत काढली होती. धडा मुलांनीच तयार करायचा. पडद्यावर स्लाइड्स, जोडीला कॅसेटवर माहिती. विषय, आपला परिसर. मी हुरळले. कॅमेरावाल्या मुलाला पाड्यावर घेऊन गेले. शेजारी लग्न होतं. माझी आय कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहीत होती. त्या चौकाशिवाय आम्हा वारल्यांत लग्न लागत नाही. कॅसेटवर मी तेच सांगितलं, "ही माजी आय हाय. ती चौक लिवते, तवा लगीन लागतं."

बाईंनी त्याच कॅसेटवर कॉलनीतल्या एका मुलीचा आवाज भरला. माझा पुसला गेला. मला म्हणाल्या, "तू स्लाइड्स सरकव. तेवढं तरी जमेल ना?" मी मुकाट्याने मान डोलावली. त्या मान डोलावण्याची आजही चीड येते.

पालकसभेला आय आली. दाराशी उभी राहिली, कुणी बस म्हटलं नाही. दिवे घालवले. पडद्यावर आय दिसली आणि टेप बोलू लागली, "येथील मागासलेल्या स्त्रिया भिंती रंगवून वेळ घालवतात."

तळपायाची आग मस्तकात गेली. पुढची स्लाइड सरकवलीच नाही. टेपची वायर उपटली.

"ती माजी आय हाय! येळ नाय घालवत ती! तिच्याबिगर आमचं लगीन लागत नाय!"

दंडाला धरून बाहेर काढलं मला. "डोक्यावर बसवलं की हे असंच," बाई पालकांना सांगत होत्या. वाटेत आयने एवढंच विचारलं, "तू टेपात बोल्लीस ता कुठं गेला?"

आज मी कुंभवलीच्या शाळेत शिकवते. माझी मुलं फोटो काढतात, टेपवर बोलतात, तोच आमचा धडा. परवा तपासायला आलेले साहेब कॅसेट ऐकून म्हणाले, "भाषा सुधारून परत भरा."

मी कॅसेट बाहेर काढली. तिच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन तुकडे असतात. ते मोडले की वरून दुसरा आवाज भरता येत नाही. साहेबांच्या डोळ्यांदेखत दोन्ही मोडले.

माझा आवाज पुसला, तो पुसलाच. या पोरांचा पुसू देणार नाही. नोकरीवर आलं तरी बेहत्तर.